व्हिडिओ किती वाजता टाकायचा? आधी कॅलेंडर, मग घड्याळ

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर दर काही महिन्यांनी एक तक्ता फिरत येतो. सोमवारी संध्याकाळी ५, शुक्रवारी दुपारी ३, रविवारी सकाळी ११. या वेळा पाळा आणि व्ह्यूज वाढवा. तक्ता कुणी, कुठल्या देशातल्या, कसल्या चॅनेलांवरून काढला याचा त्यावर पत्ता नसतो. आपल्याकडे कुणाचं चॅनेल चकलीच्या भाजणीचं, कुणाचं सोयाबीनवरच्या फवारणीचं, कुणाचं पोलीस भरतीच्या तयारीचं. या तिघांचा प्रेक्षक एकाच वेळी मोबाइल हातात घेत नाही, मग एकच तक्ता तिघांना कसा लागू पडणार?

खुद्द यूट्यूबने आपल्या मदत-पानावर लिहून ठेवलंय की व्हिडिओ कोणत्या वेळी प्रसिद्ध केला याचा त्याच्या दीर्घकालीन कामगिरीवर थेट परिणाम होत असल्याचं आढळलेलं नाही. हे वाक्य छापून टेबलासमोर चिकटवावं असं आहे. वेळेचा फरक पडतो तो पहिल्या एक-दोन दिवसांत, आणि तोही काही प्रकारच्या व्हिडिओंनाच. तारखेचा मात्र पडतो, आणि भरपूर पडतो. मराठी चॅनेलवाले "रात्री ८ की ९" यावर जेवढी चर्चा करतात, तेवढी "दसऱ्याच्या आधी की नंतर" यावर केली तर जास्त हाती लागेल. म्हणून या लेखात तासाचा नंबर उशिरा येणार आहे.

पायरी १: प्रेक्षक तुमच्यापर्यंत येतो कसा, ते बघा

यूट्यूब स्टुडिओ, म्हणजे चॅनेल सांभाळायची यूट्यूबची जागा, उघडा, अ‍ॅनालिटिक्समध्ये जा, कंटेंट टॅबवर या. प्रेक्षकांना तुमचे व्हिडिओ कसे सापडतात याची टक्केवारी तिथे दिसते: यूट्यूब सर्च, ब्राउझ फीचर्स म्हणजे होमपेज वगैरे, सजेस्टेड व्हिडिओ, नोटिफिकेशन, बाहेरून आलेले. वरती कालावधी किमान ९० दिवसांचा ठेवा.

सर्चचा वाटा निम्म्याहून जास्त असेल, तर तुमचा प्रेक्षक गरज पडली की येतो. त्याला तुमच्या संध्याकाळी ७ शी काही देणंघेणं नाही. त्याला गरज पडण्याआधी व्हिडिओ तिथे असला म्हणजे झालं. असं चॅनेल असेल तर पायरी ३ नीट वाचा आणि तासाच्या भानगडीत फार पडू नका. उलट होमपेज आणि नोटिफिकेशन यांचा वाटा मोठा असेल, म्हणजे लोक तुम्हाला ओळखून येत असतील, तर तास मोजायला अर्थ आहे. बाहेरून येणारे जास्त असतील तर ते बहुधा व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवरच्या लिंकवरून येतात. तिथे व्हिडिओ कधी प्रसिद्ध केला यापेक्षा ग्रुपवर लिंक कधी टाकली ते महत्त्वाचं. या दोन वेळा एकच असायला हव्यात असं कुणी सांगितलेलं नाही.

पायरी २: व्हिडिओ किती दिवस कामाचा राहणार?

महिन्याभरात करायच्या व्हिडिओंची यादी समोर घ्या आणि प्रत्येकापुढे एक शब्द लिहा: ताजा, हंगामी किंवा बारमाही.

ताजा म्हणजे लासलगावच्या कांद्याचा आजचा भाव, उद्याच्या पावसाचा अंदाज, भरतीची नवी जाहिरात. याचं आयुष्य तासांत मोजायचं. यात सोयीच्या वेळेची वाट बघत बसू नये, तयार झाला की टाकावा. सकाळच्या सत्रातल्या लिलावाचे भाव रात्री ९ पर्यंत धरून ठेवले, तर उद्या माल न्यायचा की नाही हे शेतकऱ्याने तोवर ठरवून टाकलेलं असतं. ठरलेल्या घटनेचा व्हिडिओ त्या घटनेच्या आधी हवा. दहावी-बारावीचा निकाल गेली काही वर्षं ऑनलाइन दुपारी १ वाजता लागतो आहे. "निकाल कसा बघायचा" हा व्हिडिओ त्या दिवशी सकाळी तरी जागेवर असला पाहिजे. १ वाजून १० मिनिटांनी टाकलेला व्हिडिओ ज्यांना हवा होता, ते तोवर दुसरीकडे गेलेले असतात.

बारमाही म्हणजे पोळी मऊ कशी करावी, ठिबकचे लॅटरल कसे साफ करावे, सात-बारा कसा वाचावा. याला मुहूर्त लागत नाही. तुम्हाला वेळ असेल, कॅमेरा मोकळा असेल तेव्हा करा आणि ज्या आठवड्यात दुसरं काही नाही तिथे बसवा. सणाच्या तोंडावर टाकून वाया घालवू नका, एवढंच.

खरा विचार करावा लागतो तो हंगामी व्हिडिओंसाठी.

पायरी ३: काम ज्या दिवशी उरकायचं, तिथून मागे मोजत या

अनारशांचं उदाहरण घेऊ, कारण अनारशाइतका वेळखाऊ फराळ दुसरा नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग उपसून, फडक्यावर सावलीत पसरून, किंचित ओलसर असतानाच दळायचे. गूळ घालून गोळा बांधायचा आणि तो चार-पाच दिवस तरी मुरू द्यायचा. म्हणजे आज तांदूळ भिजत घातले तर आठवड्याच्या आत कढई तापवता येत नाही.

२०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. अनारसे ६ तारखेला तळायचे धरले, तर पीठ ३० ऑक्टोबरच्या सुमाराला बांधून ठेवायला हवं आणि तांदूळ २७ च्या आसपास भिजायला हवेत. ज्या बाईने यंदा पहिल्यांदा घरी अनारसे करायचं ठरवलंय, ती काही पाहिल्या पाहिल्या तांदूळ भिजत घालत नाही. ती दोन-तीन व्हिडिओ बघते, आईला किंवा सासूबाईंना फोन करते, तांदूळ कोणते घ्यायचे ते विचारते. त्यासाठी आठवडा सोडा. येतो कोणता दिवस? २० ऑक्टोबर, म्हणजे नेमका दसरा. दसरा आणि लक्ष्मीपूजन यांत दर वर्षी वीस दिवसांच्या आसपास अंतर असतं, त्यामुळे "अनारशांचा व्हिडिओ दसऱ्यापर्यंत" हा नियम इंग्रजी तारीख कितीही हलली तरी चालतो.

आता हीच रीत बाकीच्या फराळाला लावा. चकलीचे दोन व्हिडिओ होतात. भाजणीचा पंधरा दिवस आधी हवा, कारण धान्यं धुऊन, वाळवून, भाजून झाली की दिवाळीच्या आठवड्यात गिरणीत रांग असते. भाजणी तयार असलेल्यांसाठी चकली पाडण्याचा पाच-सहा दिवस आधी आला तरी पुरतो. शंकरपाळे आणि चिवडा तर शेवटच्या चार दिवसांतही चालतात. आणि एक तिसरा प्रकार असतो, ज्याकडे बरीच चॅनेलं दुर्लक्ष करतात: बिघडलेलं सावरण्याचा. "अनारसे हसले (म्हणजे तळताना विरघळून पसरले) तर काय करावं", "चकली मऊ पडली". हे शोधणारी व्यक्ती कढई गॅसवर ठेवून, पिठाच्या हाताने फोन उघडते. हा व्हिडिओ छोटा हवा, उपाय पहिल्या अर्ध्या मिनिटात हवा आणि तो तळणीच्या दिवसांआधी आठवडाभर तरी चॅनेलवर असायला हवा, म्हणजे सर्चला त्याची ओळख झालेली असते.

गेल्या वर्षीच्या अपलोडची तारीख डोळे झाकून यंदा वापरू नका. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आणि २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला येते, कारण मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. तारखेवर चालणाऱ्याचं मोदकाचं वेळापत्रक या एका कारणाने अडीच आठवडे सरकतं. त्यात अधिक महिना आला की अनारशांना दुसरा हंगाम मिळतो. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण देणारी घरं अजून पुष्कळ आहेत, आणि पुरणाच्या धोंड्यांची कृती तर एरवी कुणी शोधतच नाही. ज्याने वर्षाच्या सुरुवातीला पंचांग चाळलं त्याला हे दिसतं.

शेतीच्या चॅनेलला हाच हिशेब पावसावरून आणि पिकाच्या दिवसांवरून करावा लागतो. सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवणक्षमता तपासण्याचा व्हिडिओ घ्या. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, आठवड्याभरात किती उगवले ते मोजायचं. सत्तरच्या खाली आले तर बियाणं बदलायचं किंवा प्रमाण वाढवायचं. बदलायचं म्हणजे पैशांची सोय आणि दुकानाची फेरी आली. म्हणजे पेरणी जूनच्या उत्तरार्धात धरली तरी हा व्हिडिओ मेच्या सुरुवातीला हवा. पहिला पाऊस पडल्यावर "बीज तपासणी" टाकून उपयोग शून्य, तेव्हा लोक तिफणीचं बघत असतात.

द्राक्षाचं तर आणखी नेमकं असतं. बागायतदार तारीख बोलतच नाही, "छाटणीपासून चाळिसावा दिवस" असं बोलतो. फळछाटणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरला, पण बागलाणातले, म्हणजे सटाण्याकडचे, अर्ली द्राक्षवाले त्याच्या कितीतरी आधी छाटतात. तुमचा प्रेक्षक सटाणा, निफाड आणि तासगाव अशा तिन्हीकडे असेल तर वेळापत्रक सगळ्यात आधी छाटणाऱ्याच्या हिशेबाने लावा आणि शीर्षकात तारखेऐवजी छाटणीनंतरचा दिवस घाला. मागून येणारे महिनाभराने तोच व्हिडिओ शोधत येतील.

हे सगळं आपल्या अंदाजावर सोडायचं नसेल तर गूगल ट्रेंड्स उघडा. कुठला शब्द लोक कधी जास्त शोधतात ते तिथे रेघेने दिसतं. प्रदेश महाराष्ट्र, कालावधी पाच वर्षं, आणि "वेब सर्च" च्या जागी "यूट्यूब सर्च" निवडा. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात. शब्द देवनागरीत टाका, मग तोच रोमन लिपीत टाकून बघा. आपली माणसं दोन्ही पद्धतींनी शोधतात आणि रोमनवाली रेघ बरेचदा वरची निघते. रेघेचं टोक बघू नका. ती जमिनीवरून उठायला कधी लागते तो आठवडा टिपा आणि व्हिडिओ त्याच्या थोडा आधी ठेवा.

पायरी ४: वार

वाराचा विचार प्रत्येक चॅनेलला लागत नाही. स्वयंपाकाच्या चॅनेलला लागतो, कारण मराठी घरांतला स्वयंपाक वारावर चालतो. पुष्कळ घरांत मांसाहार बुधवार, शुक्रवार, रविवार या दिवशीच होतो; सोमवार, गुरुवार, शनिवार वर्ज्य. मटण रविवारी सकाळी आणलं जातं, म्हणजे काय करायचं हे शनिवारी रात्री ठरतं. तांबड्या रश्श्याचा व्हिडिओ शनिवारी संध्याकाळी टाकला तर तो दुसऱ्या दिवशी ताटात येऊ शकतो. सोमवारी टाकला तर अनेकांकडे पहिली संधीच बुधवारी येते, आणि बुधवारी घाईच्या दिवशी कोण वाटण घाटत बसणार! श्रावण लागला की हे गणित महिनाभर बंद, आणि त्याआधीचा गटारीचा आठवडा वर्षातला सगळ्यात चांगला. श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, एकादशी यांचे उपवासाचे पदार्थ आदल्या दिवशी दुपारपर्यंत दिसायला हवेत, कारण साबुदाणा रात्रीच भिजत पडतो.

शिकवणीच्या चॅनेलला रविवार बहुधा चांगला, शेतीला वाराने फरक पडत नाही. फार तर गावच्या बाजाराचा दिवस टाळा.

पायरी ५: आता तास

स्टुडिओच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये ऑडियन्स टॅबवर एक जांभळा आलेख असतो: तुमचे प्रेक्षक यूट्यूबवर कधी असतात. सात वार, प्रत्येकाचे चोवीस तास, रंग जेवढा गडद तेवढी गर्दी. तो वाचताना तीन गोष्टी लक्षात ठेवा.

तो गेल्या २८ दिवसांचा असतो. त्या दिवसांत गणपती असतील, परीक्षा असतील किंवा मेची सुट्टी असेल तर तो तेवढाच काळ सांगतो. जूनमध्ये मेचा आलेख बघून शाळकरी मुलांच्या पालकांसाठी वेळ ठरवली तर ती चुकणारच.

तो प्रेक्षक यूट्यूबवर कधी असतात ते दाखवतो. तुमचंच काही बघायला आलेत असा त्याचा अर्थ होत नाही. रात्री ९ ला ते भजनही ऐकत असतील.

आणि तो जवळजवळ सगळ्यांचा सारखाच दिसतो. संध्याकाळी ७ पासून गडद, १० नंतर फिका. म्हणून सगळ्यात गडद पट्टी शोधण्यात अर्थ नाही, ती तुम्हाला न बघताही सांगता आली असती. बघायचा तो चढ: रंग फिक्याकडून गडद व्हायला कुठे लागतो. व्हिडिओ तिथे टाका. चढ ६ ला सुरू होत असेल तर ५.३० किंवा ६. त्यामुळे गर्दी येईपर्यंत व्हिडिओला तास-दीड तास मिळतो, पहिले सबस्क्रायबर बघून जातात, आणि थंबनेल (व्हिडिओचं दर्शनी चित्र) किंवा शीर्षकात काही खटकलं तर बदलायला सवड राहते. दुसरं, दुपारचा छोटा डोंगर शोधा. घरी असणाऱ्या बायकांचा २ ते ४ हा वेळ पाककृती, शिवणकाम, रांगोळी अशा चॅनेलांना रात्रीपेक्षा चांगला जाऊ शकतो, कारण रात्री ७ ते ९.३० मालिका असतात. मार्चअखेर ते मे आयपीएलचे संध्याकाळचे सामने ७.३० ला सुरू होतात, तेही तरुण प्रेक्षकांसाठी धरून चालावं.

नवीन किंवा छोट्या चॅनेलला हा आलेख दिसतच नाही, पुरेशी आकडेवारी नाही असा मजकूर येतो. अशा वेळी आपल्या प्रेक्षकांतले चार जण डोळ्यांपुढे आणा आणि त्यांचा दिवस तास-तासाने लिहून काढा. अगदी कागदावर. शेतकऱ्याचा दिवस लिहायला घेतलात तर कळेल की पहाटे धारा, मग शेत, दुपारी ऊन वर आलं की झाडाखाली जेवण आणि थोडी पाठ टेकणं. हा एक वेळ. दुसरा रात्री जेवणानंतर. तिसरा अनेकांच्या लक्षात येत नाही: शेतीपंपाची थ्री-फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री अशी पाळीने येते. रात्रपाळीच्या आठवड्यात माणूस पाणी द्यायला मध्यरात्री बांधावर असतो, बारे मोडता मोडता हातात मोबाइल असतो. त्यात अनेकांचा रोजचा दीड-दोन जीबीचा डेटा रात्री १२ ला नवा होतो. याचा अर्थ व्हिडिओ रात्री २ ला टाकावा असा नाही. संध्याकाळी टाकलेला व्हिडिओ रात्रीही चालू राहील, म्हणून शेतीच्या व्हिडिओला रात्री ९ नंतर मेला असं समजू नये.

कागदावरच्या दिवसात तुमचा स्वतःचाही दिवस लिहा. व्हिडिओ गेल्यावर पहिला तासभर प्रश्न येतात: "ताई, वाटी कोणती घ्यायची?", "दादा, हे औषध फुलोऱ्यात चालेल का?" उत्तर द्यायला तुम्ही हजर असाल ती वेळ, आलेखावरच्या थोड्या जास्त गडद पण तुम्ही लोकलमध्ये लटकत असाल त्या वेळेपेक्षा बरी.

परदेशातले प्रेक्षक

ऑडियन्स टॅबवरच देशांची यादी आहे. भारताबाहेरचे मिळून दहावा हिस्साही नसतील तर हा भाग सोडून पुढे जा. अभंग, नाट्यसंगीत, मुलांना मराठी शिकवणं, सणांच्या पूजा अशा चॅनेलांना मात्र हा वाटा बराच असू शकतो.

सगळ्यांना जमेल अशी वेळ जवळजवळ एकच सापडते: शनिवारी रात्री ८.३०. तेव्हा उन्हाळ्यात लंडनला दुपारचे ४, न्यू जर्सीत सकाळचे ११, कॅलिफोर्नियात सकाळचे ८ वाजलेले असतात आणि दुबईत संध्याकाळचे ७. सगळीकडे शनिवारच. सिडनीकर यातून सुटतात, तिथे रविवारचा पहाटेचा १ असतो. त्यांना रेकॉर्डिंगच बघावं लागेल. हिवाळ्यात घड्याळं मागे गेली की लंडन ३, न्यू जर्सी १०, कॅलिफोर्निया ७. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे नेते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणते. ब्रिटन हेच मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी करतं. त्यामुळे मधले काही आठवडे दोघांचं अंतर बदललेलं असतं. लाइव्ह कार्यक्रमाच्या पत्रिकेत भारताच्या वेळेबरोबर त्यांच्या वेळाही लिहा, बेरीज-वजाबाकी त्यांच्यावर सोडू नका.

पायरी ६: अपलोड आणि शेड्यूल

व्हिडिओ प्रसिद्ध करायच्या वेळेला अपलोडला बसू नये. यूट्यूब आधी कमी दर्जाची आवृत्ती तयार करतं, एचडी आणि फोरके मागून येतात. घाईत प्रसिद्ध केलात तर पहिल्या प्रेक्षकांना धुरकट चित्र दिसतं, आणि तेच तुमचे सगळ्यात निष्ठावान प्रेक्षक असतात. कॉपीराइटची आणि जाहिरातींसाठीची तपासणीही अपलोडनंतरच होते. पार्श्वसंगीताने घोळ केला असेल तर तो आदल्या दिवशी कळलेला बरा. म्हणून आदल्या रात्री चढवा, शीर्षक-वर्णन-थंबनेल पूर्ण करा, तपासण्या हिरव्या झाल्या की व्हिजिबिलिटीमध्ये शेड्यूल निवडून तारीख, वेळ आणि टाइम झोन टाका. टाइम झोन एकदा नजरेखालून घालाच. शेड्यूल केलेला व्हिडिओ वेळ होईपर्यंत खासगी राहतो, तोवर लिंक पाठवली तर समोरच्याला उघडणार नाही.

नेमके ८ वाजता बरेच जण टाकतात. तुम्ही ७.४५ ठेवा, बिघडत काहीच नाही.

एका सबस्क्रायबरला एका चॅनेलच्या नव्या व्हिडिओ आणि लाइव्हची चोवीस तासांत जास्तीत जास्त तीन नोटिफिकेशनं जातात. दिवसाला पाच व्हिडिओ टाकणाऱ्या बातम्यांच्या किंवा बाजारभावाच्या चॅनेलने हे लक्षात ठेवावं. अपलोडच्या वेळी "सबस्क्रायबरना कळवा" ही खूण काढता येते, ती दुय्यम व्हिडिओंवरून काढा. "मुलांसाठी बनवलेला" अशी नोंद असलेल्या व्हिडिओची नोटिफिकेशनं जात नाहीत, त्यामुळे बडबडगीतांच्या चॅनेलने मिनिटा-मिनिटाचा विचार करायचं कारणच नाही.

आणखी एक गंमत. व्हिडिओखाली दिसणारी प्रकाशनाची तारीख अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या घड्याळाने, धरली जाते. १४ जानेवारीला सकाळी ९ ला टाकलेल्या व्हिडिओच्या वेळी तिथे १३ चीच संध्याकाळ असते. "आजचे बाजारभाव" वाल्यांनी म्हणूनच शीर्षकात आणि थंबनेलवर तारीख स्वतः लिहावी.

प्रीमियर, म्हणजे तयार व्हिडिओ ठरलेल्या वेळी सगळ्यांना एकत्र दाखवण्याची सोय, प्रत्येक व्हिडिओला लावू नका. लोक वेळ काढून एकत्र बसतील असं काही असेल, जसं की नवं गाणं, लघुपट किंवा मालिकेचा शेवटचा भाग, तेव्हाच तो शोभतो. रिमाइंडर लावणाऱ्यांना सुमारे अर्धा तास आधी आणि सुरू होताना सूचना जाते. पाच मिनिटांच्या पिठल्याला प्रीमियर लावून लोकांना ताटकळत ठेवणं मला तरी पटत नाही. लाइव्हच्या बाबतीत मात्र आलेखातली गडद पट्टी थेट वापरा, कारण तिथे त्या तासाला हजर असलेला माणूसच तुमचा.

पायरी ७: दोन वेळा पडताळून बघा

दोन वेळा निवडा, समजा दुपारी २ आणि संध्याकाळी ६. एकाच प्रकारचे, साधारण एकाच लांबीचे व्हिडिओ आलटून-पालटून दोन्ही वेळांना टाका. दोन महिने तरी द्या. सणाचे आठवडे आणि एखादा अचानक उचलला गेलेला व्हिडिओ हिशेबातून काढा.

इथे अनेक जण रोजच्या आकड्यांचा तक्ता उघडतात आणि फसतात. अ‍ॅनालिटिक्सचा दिवस पॅसिफिक वेळेच्या मध्यरात्री संपतो, म्हणजे आपल्या दुपारी १२.३० ला, आणि तिथे हिवाळा असेल तेव्हा १.३० ला. सकाळी ११ ला टाकलेल्या व्हिडिओचा "पहिला दिवस" दीड-अडीच तासांचा आणि दुपारी २ ला टाकलेल्याचा जवळजवळ पूर्ण दिवसाचा. या दोघांची तुलना करून दुपार जिंकली म्हणणं व्यर्थ आहे. त्यापेक्षा प्रसिद्ध झाल्यापासूनचे पहिले चोवीस तास आणि पहिले सात दिवस अशी तुलना करा, स्टुडिओत तशी सोय आहे. पहिल्या चोवीस तासांत फरक दिसला आणि सातव्या दिवशी तो पुसला गेला, तर तुमच्या चॅनेलला तासाने काही होत नाही. मग जी वेळ तुम्हाला सोयीची ती धरा आणि विषय सोडून द्या. सातव्या दिवशीही फरक टिकला तरच ती वेळ पक्की करा. व्ह्यूजबरोबर थंबनेलवरच्या क्लिकची टक्केवारीही बघा. ती दोन्हीकडे पडलेली असेल तर दोष वेळेचा नसून थंबनेलचा किंवा विषयाचा आहे.

शॉर्ट्सवर हा प्रयोग करू नका. शॉर्ट्सचं फीड त्यांना आपल्या मर्जीने दिवसेंदिवस फिरवत राहतं, कधी आठवड्याने उचलतं.

व्हिडिओ चुकीच्या वेळी गेला म्हणून तो काढून पुन्हा चढवण्याचा मोह होतो. तसं करू नका. जमा झालेले व्ह्यूज, प्रश्नोत्तरं, इतरांनी पाठवलेल्या लिंका सगळं जातं आणि मिळतं काहीच नाही.

जुन्या व्हिडिओंचं वेळापत्रक

नव्या अपलोडइतकाच वेळ जुन्या हंगामी व्हिडिओंवर घालवा. गेल्या वर्षीचा अनारशांचा व्हिडिओ चांगला झाला असेल तर यंदा पुन्हा तोच पदार्थ चित्रित करायची गरज नाही. दसऱ्याच्या आठवड्यात त्याची लिंक चॅनेलच्या पोस्टमध्ये टाका, वर्णनात किंवा पिन केलेल्या टिप्पणीत यंदाच्या तारखा घाला, फराळाची प्लेलिस्ट चॅनेलच्या पहिल्या पानावर वर आणा, आणि नव्या चकलीच्या व्हिडिओच्या शेवटच्या पडद्यावर तो जोडा. शीर्षकात "२०२५" घातलेलं असेल तर ते काढून टाका. पुढच्या वर्षी हा उद्योग नको असेल तर शीर्षकात साल मुळातच घालू नका. बाजारभाव, भरती आणि निकाल सोडले तर त्याची कुठेच गरज पडत नाही.